अंगभर कान

गोवा राज्य होऊन दुसरं वर्ष चालू होतं. कोकणी खरी की मराठी खरी, यावरून पेडण्याच्या बाजारात चहाचे कप थंड होत होते आणि जुने मित्र रस्त्याच्या दोन कडांनी चालत होते. सरस्वतीला त्या भांडणाचं सोयरसुतक नव्हतं. तिच्या घरात बोलायलाच कोणी नव्हतं, मग भाषा कुठली का असेना. नवरा जाऊन नऊ वर्षं झाली होती. एकुलता एक किरण मस्कतच्या बंदरावर क्रेन चालवायचा. दोन वर्षांतून एकदा महिनाभर यायचा, आणि आला आला म्हणेपर्यंत निघायचा. बाकीचे दिवस ती कोंबड्यांशी बोले. कोंबड्या ऐकून घेतात, पण उलट विचारत नाहीत.

त्या जानेवारीत किरण रजेवर आला आणि रजा संपायला आठ दिवस उरले असताना हात कापून घेऊन बसला. मोटरसायकलवरून घरी येताना वळणावर उभ्या टेम्पोतून बाहेर आलेला पत्रा त्याच्या उजव्या दंडात घुसला. हाड वाचलं, जीव वाचला. तुटली ती हाताला हुकूम पोचवणारी नस. बांबोळीच्या इस्पितळात दुसऱ्या दिवशी ती शिवली. जखम भरली, टाके निघाले, पण पंजा मनगटातून जो खाली पडला तो पडलाच. मूठ वळायची, उघडायची नाही. पंजा वर म्हणाल तर केसभरही व्हायचा नाही. मस्कतच्या कंपनीने कळवलं, वर्षअखेरपर्यंत जागा ठेवतो, हात बरा झाला तर ये.

व्यायामाच्या खोलीत वैशाली नावाची तरुण डॉक्टर होती, कोल्हापूरकडची. इस्पितळातली बाकीची माणसं दहा वाक्यांचं काम दोन वाक्यांत उरकत, ही दोन वाक्यांचं दहांत करायची. सरस्वतीला ती पहिल्याच दिवशी आवडली.

"मावशी, शिवली म्हणजे जोडली असं नाही," ती म्हणाली. "शिवण ही नुसती वाट. तुटलेल्या जागेच्या पुढचा मज्जातंतू मरून जातो. मागच्या टोकातून नवा कोंब फुटतो आणि जुन्या रिकाम्या नळीतून पुढे सरकत राहतो. दिवसाला इतकाच." तिने मेजावरची फुटपट्टी उचलून सगळ्यांत बारीक दोन रेघांमधली जागा दाखवली.

किरण जनेलाच्या गजांतून बाहेर बघत होता. सरस्वतीनेच विचारलं, "मग तोपर्यंत ता मास काय करता?"

"स्नायू? वाट बघतो." डॉक्टर खुर्ची ओढून बसली. "स्नायूच्या प्रत्येक धाग्यावर मधोमध एक लहानशी जागा असते. तंतू तिथे येऊन टेकलेला असतो आणि स्नायूचे सगळे कान त्याच जागी गोळा झालेले असतात. कान म्हणजे आपलं समजायला. तंतू तिथे कणभर रस सोडतो, कान तो ओळखतात आणि स्नायू आखडतो. झाली हालचाल. तंतू तुटला की हाक बंद. मग हा स्नायू काय करतो, तर अंगभर कान फोडून घेतो. कुठून का होईना, कोणी हाक मारेल म्हणून. कधी कधी कोणी बोलावलेलं नसताना आतल्या आत नुसताच थरथरतो."

"आनी नवो इलो काय?"

"नवा तंतू चाचपडत त्या जुन्याच जागेशी येतो आणि टेकला की आल्याची खूण देतो. ती मिळाली की स्नायू पुन्हा सगळे कान त्या एका जागी गोळा करतो, बाकीच्या अंगावरचे मिटवून टाकतो. पण फार उशीर झाला, वर्ष दीड वर्ष, तर स्नायू सुकून जातो. मग कोणी आलं काय आणि न आलं काय."

सरस्वती चौथी शिकलेली. तरी यातलं एक अक्षर तिला पुन्हा विचारावं लागलं नाही. किरण पहिल्यांदा मस्कतला गेला त्या वर्षापासून तिचं दुसरं काय चाललं होतं? पोस्टमनच्या सायकलची साखळी तिला चढावाच्या पलीकडून कळायची. साडेपाचच्या बसचा ब्रेक लागला की हातातलं काम थांबायचं. केळीचं पान फाटलं तरी ती दारात येऊन उभी. शेजारची यशोदा हसायची, म्हणायची, सरस्वते, तुझे कान की सुपं.

डॉक्टरने काम नेमून दिलं. रोज संध्याकाळी मनगटाची पट्टी सोडायची. पंजा वीस वेळा वर करायचा, एकेक बोट सरळ करायचं, अंगठा बाहेर घ्यायचा, नाहीतर सांधे धरतील आणि तंतू येऊन पोचला तरी हलवायला काही उरणार नाही. मग हात मेजावर आडवा ठेवायचा, अंगठा आकाशाकडे. कोपराच्या खाली बाहेरच्या अंगाला आपली दोन बोटं ठेवायची आणि मुलाला म्हणायचं, पंजा उचल.

"हात असाच आडवा ठेवा," ती बजावून म्हणाली. "खाली लोंबत सोडलात तर त्याच्याच वजनाने तो हरेल आणि तुम्हाला काही कळणार नाही. ज्या दिवशी बोटाखाली जरासं काही हलल्यासारखं वाटेल, त्या दिवशी मला येऊन सांगा. ते डोळ्यांना दिसायच्या आधी बोटाला लागतं."

मग घरी पुढच्या ओट्यावर रोजचा परिपाठ सुरू झाला. किरण ओट्याच्या कडेच्या बांधीव बैठकीवर, सोप्यावर, बसायचा, आई समोर पाट घेऊन. त्याचा हात तिच्या मांडीवर. पहिले पंधरा दिवस दोघंही बोलली नाहीत. हा मुलगा लहानपणापासून घुमा, बापावर गेलेला. पण हात कोणाच्या हातात देऊन माणूस किती वेळ गप्प बसणार? हळूहळू तो बोलू लागला. क्रेनच्या खोलीतून समुद्र कसा दिसतो ते. पहिल्या वर्षी घरच्या आठवणीने तो न्हाणीत जाऊन रडायचा, ते. एक केरळी माणूस त्याला रोज भात वाढायचा आणि एक दिवस तोच वरून पडून मेला, ते. पत्रात यातलं काही कधी आलं नव्हतं. पत्रात असायचं, मी खुशाल, तू खुशाल असशील.

सरस्वती ऐकायची, बोटं सरळ करायची, वीस मोजून झाले की चुकले म्हणून पुन्हा एकपासून मोजायची. खरं सांगायचं तर ती त्या वर्षी सुखी होती. मुलाचा हात मोडून पडला होता आणि आई सुखी होती. नवरा असताना निदान बांगड्या भरणाऱ्या कासारणीचा हात तरी तिच्या हाताला लागायचा, गेल्या नऊ वर्षांत तोही नाही. आता रोज तासभर एक ऊन हात तिच्या हातात असायचा. तिला याची लाज वाटायची, पण लाज वाटली म्हणून सुख कमी होत नाही.

मे महिन्यात यशोदेने टुमणं लावलं, देवाला कौल लाव. आपल्याकडे इस्पितळ एकीकडे आणि देऊळ एकीकडे, दोघांनाही विचारल्याशिवाय माणसाला चैन पडत नाही. सरस्वती किरणला घेऊन ग्रामदेवतेच्या देवळात गेली. अनंत गुरवाने पाण्यात भिजवलेल्या पाकळ्या देवाच्या अंगावर उजवीकडे आणि डावीकडे लावल्या आणि खड्या आवाजात गाऱ्हाणं घातलं.

"बा देवा म्हाराजा, आज ह्या तुझा लेकरू तुझ्या दारात इला हा. ह्येचो हात होतो तसो होतलो असात तर उजवी दी, नायतर डावी दी, रे म्हाराजा."

खांबाशी हात जोडून उभी असलेली सरस्वती तेव्हा मनात भलतंच बोलून गेली. ठरवून नव्हे. ओठही हलले नाहीत. ती म्हणाली, देवा, ह्याका माझ्याकडे ऱ्हवूं दी. आणि तेवढ्यात उजवी पाकळी पडली.

"घे, दिलो कौल," अनंत म्हणाला. "देवान वेळ लावूक नाय." यशोदेने तिथल्या तिथे डोळे पुसले. किरणचा देवावर फारसा विश्वास नव्हता, पण त्यालाही बरं वाटलं, त्याने प्रसादाचा गूळ तोंडात टाकला.

सरस्वती मात्र घरी आली ती धास्तावून. देवाने उत्तर दिलं कोणाला? गुरवाला की तिला? देवळात जे मोठ्याने बोललं जातं तेच गाऱ्हाणं, हे लहान पोरालाही ठाऊक. पण देवाला काय मोठ्यानेच ऐकू येतं? आणि दोन्ही कसं खरं होणार? हात आला तर मुलगा जाणार, मुलगा राहिला तर हात गेलेला असणार. हे दुखणं तिला कोणापाशी उकलता येईना. पोराच्या वाईटावर टपलेली आई, असं कोण म्हणणार नाही?

जूनच्या तपासणीत डॉक्टरलाही काही लागलं नाही. ती म्हणाली, गणेशचतुर्थीपर्यंत बघू. तेव्हाही काही नसलं तर मोठे सर्जन वाकवणाऱ्या बाजूचा एक स्नायुबंध काढून पाठीमागच्या बाजूला जोडतील. पंजा उचलता येईल, पेला धरता येईल, पण पूर्वीचा जोर येणार नाही. क्रेन विसरावी लागेल. चतुर्थीनंतरच्या बुधवारची तारीख तिने लिहून दिली.

आषाढी होऊन चार दिवस झाले होते. बाहेर पाऊस धरून होता म्हणून दोघं आतल्या मेजाशी बसली होती. सरस्वतीने हात आडवा ठेवला, दोन बोटं कोपराखाली टेकवली आणि रोजच्यासारखी म्हणाली, "उचल."

बोटाखाली काहीतरी हललं.

दिसलं काहीच नाही, पंजा होता तिथेच होता. पण तिला ते कसं असतं हे माहीत होतं. किरण पोटात असताना पाचव्या महिन्यात तांदूळ निवडता निवडता असंच काहीतरी आत फडफडलं होतं. तेव्हाही सगळ्यांत आधी तिलाच कळलं होतं.

"लागला काय?" किरणने विचारलं. तो हाताकडे बघत नव्हता. आताशा तो बघायचाच नाही.

"नाय," सरस्वती म्हणाली. "कायच नाय. उद्या बघूया."

एवढं सोपं होतं ते. खोटं बोलताना जीभ अडखळते म्हणतात, तिची अडखळली नाही. रात्री जेवताना तिने त्याला आपल्या पानातली बांगड्याची तुकडी वाढली आणि स्वतःची समजूत घातली, आपलं एकटीचं बोट, लागलं असेल उगीच. दुसऱ्या दिवशी ते पुन्हा हललं. तिसऱ्या दिवशी जास्त स्पष्ट. मग तिने दुसरी समजूत शोधली. देवाने कौल दिलाच आहे. किरण इथे राहावा म्हणून दिला. आपण देवाच्या मनाविरुद्ध थोडंच काही करतो आहोत? चोराला वाटा दाखवाव्या लागत नाहीत, तसं मनालाही कारणं पुरवावी लागत नाहीत.

श्रावण लागला तेव्हा हालचाल डोळ्यांना दिसण्याइतकी झाली. मग सरस्वतीने हात मेजावर आडवा ठेवणं बंद केलं. पंजा मेजाच्या कडेवरून खाली सोडायचा आणि म्हणायचं, उचल. पंजा स्वतःच्याच वजनाने हरायचा, डॉक्टरने सांगितलं होतं अगदी तसाच. त्वचेखाली तो इवलासा स्नायू धडपडायचा, तिच्या दोन बोटांना ढकलायचा, मी आलोय मी आलोय म्हणून सांगायचा आणि ती बोटं तशीच ठेवून म्हणायची, "नाय रे बाबा."

सात आठवडे हे चाललं. किरण अधिकाधिक गप्प होत गेला. चतुर्थीला घरोघरी आरत्यांना मातीची घुमटं वाजत होती. किरण गावातला चांगला वाजवणारा. पोरं बोलवायला आली तर तो पट्टी बांधलेला हात पाठीमागे घेऊन म्हणाला, तुम्ही व्हा पुढे. सरस्वतीने ते आतून बघितलं. त्या दिवशी तिने नैवेद्याच्या मोदकांत साखरेऐवजी मीठ घातलं होतं हे तिला जेवायला बसल्यावर कळलं.

मंगळवारी संध्याकाळी, इस्पितळात जायच्या आदल्या दिवशी, तो नेहमीसारखा हात तिच्याकडे देऊन बसला. मस्कतला पाठवायचं पत्र शेजारी पडलं होतं. डाव्या हाताने लिहिलेलं, पहिलीतल्या पोरासारख्या अक्षरात. येऊ शकत नाही, जागा दुसऱ्याला द्या.

"आये," तो म्हणाला, "एक सांगतंय. हात गेलो त्याचा वायट वाटताच. पण तुका हंय एकटी टाकून मी थंय बसलंय, ह्या माका कधीच बरा वाटत नव्हता. सांगूक जमला नाय इतकाच. आता गावातच कायतरी बघतंय. तुझ्याकडे ऱ्हवतंय."

नऊ वर्षं ज्या वाक्याची वाट बघितली ते वाक्य आलं होतं. तिच्या मनात जे शब्द खांबाशी उमटले होते, तेच शब्द. सरस्वतीला वाटलं होतं, असं काही ऐकलं की आपण आनंदाने रडू. तिला रडू आलं ते वेगळंच. पोर आपल्यासाठी मन मोठं करत होतं आणि आपण त्याचा हात चोरून बसलो होतो. त्याने दिलेलं घ्यायला तिच्याकडे स्वच्छ ओंजळच उरली नव्हती.

तिने मेजावरचं पत्र बाजूला केलं. त्याचा हात आडवा ठेवला, अंगठा वर. आपली बोटं तिने मुळीच लावली नाहीत.

"उचल," ती म्हणाली. "आनी हाताकडे बघ."

किरणने बघितलं. पंजा मेजावरून बाहेरच्या बाजूला सरकला. चांगला चार बोटं सरकला, थांबला, परत आला. त्याने पुन्हा केलं. पुन्हा सरकला.

"कधीपासना?"

"आषाढीपासना." तिने मान वर केली नाही. "माका पयल्याच दिसा कळला. मी लपयलंय. तू जातलंस म्हणून."

किरण उठला आणि बाहेर ओट्यावर जाऊन उभा राहिला. तो ओरडला असता तर तिला बरं वाटलं असतं. तिने जेवण वाढलं, तो येऊन जेवला. पत्र तिथेच राहिलं, दोघांपैकी कोणीच ते उचललं नाही.

बुधवारी बांबोळीत वैशाली डॉक्टरने हात आडवा ठेवला आणि पहिल्याच उचलीला तिचा चेहरा उजळला. मग तिने पुन्हा बघितलं, कोपराखाली बोट दाबलं आणि भुवया आक्रसल्या. "हे कालपरवाचं नाही. दीड महिना तरी झाला असणार. मावशी, तुमच्या बोटाला कधीच लागलं नाही?"

सरस्वतीने तोंड उघडलं. रात्रभर तिने हेच वाक्य जमवलं होतं. पण तिच्या आधी किरण बोलला.

"आम्हाला कळलं नाही, डॉक्टर."

आम्हाला. त्याने तिला पाठीशी घातलं होतं, आणि ते तिला शिवीपेक्षा लागलं. डॉक्टरने दोघांकडे एकदा बघितलं. शस्त्रक्रियेचा कागद तिने आडवी रेघ मारून बाजूला टाकला. "नुकसान नाही झालं, पण तुम्ही आधी आला असतात तर हात एव्हाना पुष्कळ पुढे गेला असता. तंतू जागेवर टेकलाय. आता रोज त्याला हाक मारू द्या आणि स्नायूला ओ देऊ द्या. जितकं काम, तितकी ही गाठ पक्की. दिवाळी झाली की बोटंही उघडतील."

सरस्वतीने पदर खोचला. "मी करून घेतंय. सकाळ संध्याकाळ, दोनदा."

"नाही मावशी," डॉक्टर मऊ आवाजात म्हणाली. "आता तुमचा हात लावायचा नाही. तुम्ही उचललात तर तो उचलणार नाही. बोटं सरळ करायची तर ती तो आपल्या डाव्या हाताने करेल. तुमचं काम संपलं."

परतीच्या बसमध्ये किरणने आईला जनेलाकडची जागा दिली. बस म्हापशाला थांबली, चणेवाला चढला आणि उतरला, तेव्हा तो समोर बघत म्हणाला, "माका सांगूक व्हया व्हता, आये."

"व्हय," ती म्हणाली.

"मस्कताक दुसरा पत्र घालतंय. डिसेंबरात येतंय म्हणान."

"घाल."

संध्याकाळी तो सोप्यावर बसला. पाट त्याने आणला नाही आणि तिनेही आणला नाही. ती दाराच्या उंबऱ्यावर टेकली. त्याने मांडीवर फळी घेतली, हात आडवा ठेवला आणि उचलायला लागला. एकदा. दोनदा. पाचव्या वेळी हात दमला, पंजा अर्ध्यावर थरथरला आणि थांबला. सरस्वती उठलीच होती, हात पुढे झालाच होता.

"रव, आये," किरण म्हणाला. रागाने नव्हे. "मी करतंय."

ती परत बसली. त्याने दम घेतला आणि सहाव्यांदा पंजा उचलला. सरस्वतीचं लक्ष खाली गेलं. तिचा स्वतःचा उजवा पंजा मांडीवरून आपोआप वर उचलला जात होता, त्याच्या पंजाबरोबर, तितकाच. तिने तो डाव्या हाताने धरला आणि खाली दाबून ठेवला.